माठ, कूलर आणि घाम: नववीच्या पोरांच्या प्रकल्प नोंदी

८ मार्च

सकाळची शाळा सुरू झाली. साडेअकराला पोरं मोकळी होतात, म्हणजे दुपारची मोजमापं घ्यायला आता वेळ मिळेल. विज्ञान मंडळात विषय काढला तर नेहमीचेच तीन पुढे आले: सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, सिरिंजचा जेसीबी आणि थर्माकोलची सूर्यमाला. तालुक्याच्या प्रदर्शनात हे तिन्ही दरवर्षी दहा-दहा टेबलांवर असतात आणि एकातही कोणी काही मोजलेलं नसतं. मी अट घातली की वस्तू गावातली हवी आणि शेवटी आकडा हातात आला पाहिजे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्यात मार्च लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, ऊन. विषय ठरला तो असा: पाणी गार कसं होतं आणि माणूस गार कसा राहतो. पहिला अर्धा भौतिकशास्त्रात, दुसरा जीवशास्त्रात आणि जो उन्हात पडला त्याचं काय करायचं ते आरोग्याच्या तासाला, असं पुस्तकात वाटून दिलंय. आपण एकाच वहीत लिहायचं.

सामान: शाळेच्या कपाटातले दोन लाल थर्मामीटर (उणे १० ते ११०), किराणा दुकानातून मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा, स्टीलची घागर. माठ आणायचे आहेत.

११ मार्च

आधी थर्मामीटर तपासले. गोळेवाल्याकडून बर्फ आणला, फोडून पेल्यात भरला, थोडं पाणी घातलं. एकाने शून्य दाखवलं, दुसऱ्याने एक. मग उकळतं पाणी. पहिला ९९ च्या किंचित वर थांबला. पोरांना वाटलं हाही बिघडला. समुद्रसपाटीपासून आपण दोनशेच्या वर मीटर उंच आहोत, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं. दुसऱ्या थर्मामीटरला निळा दोरा बांधला आणि त्याच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा करायचा असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

एका पोराने घरचा तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर आणला होता. त्यावर आकडे ३५ ते ४२ एवढेच, आणि एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, कारण फुग्याच्या वर नळीला बारीक आवळ असते. माणसाचं तापमान वाचायला हे बरं, माठाचं मोजायला निरुपयोगी. उकळत्या पाण्यात घालायला निघाला होता, वेळेत पकडला.

१५ मार्च

थर्मामीटर कुठे टांगायचा यावर तास गेला. खिडकीत, झाडाला, टिनाच्या शेडखाली, भिंतीवर, प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. दुपारी दोनला भिंतीवरचा ४७ आणि कडुनिंबाखालचा ३६. एक जण म्हणाला, "मॅडम, ४७ च लिवा, बातमीत येईल."

बातमीत येतंही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि दिवसभर तोच आकडा मोबाईलवर फिरत होता. नंतर हवामान विभागाने सांगितलं की यंत्रातच बिघाड होता. हवेचं तापमान म्हणजे सावलीतल्या, वारा खेळत असलेल्या हवेचं तापमान. उन्हात ठेवलेला थर्मामीटर स्वतःचं तापमान सांगतो. त्यासाठी वेधशाळेत पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून चारेक फूट उंच. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. आम्ही संत्र्याची रिकामी पेटी घेतली, फळ्यांमध्ये फटी होत्याच, चुन्याने पांढरी केली, वर दुसरं छप्पर ठोकलं आणि शाळेमागे गवतावर चार खांबांवर उभी केली. संत्री आमच्या बाजूला पिकत नाहीत, पण पेटी कुठूनही मिळते.

२० मार्च

कुंभाराकडे. मंडळातल्या एकीचे आजोबाच, म्हणून घरीच गेलो. अक्षय तृतीयेपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, घरोघर घागर भरायची असते. तरी त्यांनी चाक थांबवून सगळं दाखवलं.

तळ्याची माती चाळतात, भिजत घालतात, आणि त्यात राख आणि धानाचा बारीक कोंडा मळतात. मला वाटायचं कोंडा माती तडकू नये म्हणून. आजोबांनी कच्च्या माठाचा काठ मोडून दाखवला, आत कोंड्याच्या काड्या दिसत होत्या. मग आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजलेल्या पक्क्या माठाचं खापर दिलं. तिथे काड्या नव्हत्या, त्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढी भोकं. "आव्यात कोंडा जळते जी, जागा खाली होते. तेथूनच मडकं घाम सोडते." कोंडा जास्त झाला तर माठ गळतो, कमी झाला तर पाणी गार होत नाही. प्रमाण त्यांच्या हाताला माहीत. किती, असं विचारलं तर ओंजळ दाखवतात.

नातीने खापर काट्यावर ठेवलं, मग पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा ठेवलं. वजन वाढलं. खापराने पाणी प्यायलं याचा हा पहिला आकडा. घरी जे ती जन्मापासून बघते ते पहिल्यांदा ग्रॅममध्ये बघून ती थोडी गंभीर झाली.

तीन माठ घेतले: एक नवा, एक आजोबांच्या घरातला तीन-चार उन्हाळे वापरलेला, आणि एक नवाच, ज्याला आम्ही बाहेरून ऑइलपेंट देणार. पेंटचं ऐकून आजोबा नाराज झाले.

२४ मार्च

नवा माठ दोन दिवस भिजवून ठेवला होता, म्हणजे मातीने प्यायचं तेवढं पिऊन झालं. आज सकाळी अकराला त्यात टाकीचं ८ लिटर पाणी घातलं, ३२ अंश. स्टीलच्या घागरीतही तेवढंच. दोन्ही व्हरांड्यात, सावलीत. पाचला मोजलं.

घागर ३५. माठ २३. हवा त्या वेळी ३६.

माठाचं वजन ३८० ग्रॅमने कमी. घागरीचं कमी झालं ते काट्याला धड कळतही नव्हतं.

आता हिशेब. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायचं तर त्यातून एक कॅलरी काढावी लागते. ८००० ग्रॅम, ९ अंश, म्हणजे ७२,००० कॅलरी. ही उष्णता कोण घेऊन गेलं? जे पाणी वाफ होऊन गेलं त्याने. दहावीच्या पुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, ग्रॅममागे ५४० कॅलरी दिलाय, पण तो १०० अंशाला उकळणाऱ्या पाण्याचा. तिशीच्या आसपास तो साधारण ५८० असतो, थंड पाण्यातल्या रेणूंना सुटायला जास्त ऊर्जा लागते. ७२,००० भागिले ५८०, सुमारे १२४ ग्रॅम.

फळ्यावर १२४ लिहिलं आणि शेजारी ३८०. मागच्या बाकावरून प्रश्न आला: "मंग बाकीचं पानी कुठी गेलं, मॅडम?"

याच प्रश्नासाठी काटा आणला होता. उत्तर लगेच दिलं नाही. "मांजरानं पिलं" हेही उत्तर आलं. शेवटी घागरीकडे बघून एकीला सुचलं: घागर ३२ ची ३५ झाली, म्हणजे हवा तिच्यात उष्णता ढकलत होती. माठातही ढकलत असणारच, उलट जास्तच, कारण माठ हवेपेक्षा १३ अंशांनी गार. ती आत येणारी उष्णता दर मिनिटाला बाहेर टाकावी लागते. १२४ ग्रॅम पाणी गार करायला गेलं, उरलेलं अडीचशे ग्रॅम गार ठेवायला. फ्रीजला दिवसभर वीज लागते ती याचसाठी.

२ एप्रिल

तिन्ही माठ एकत्र. त्याच पद्धतीने, संध्याकाळी पाचला: नवा २३, जुना २७, रंगवलेला ३४. रंगवलेला म्हणजे मातीची घागर झाली.

जुन्या माठाचं कारण बोटाने कळतं. बाहेरून खरखरीत पांढरा थर आहे, नखाने खरवडला तर भुकटी पडते. आमचं बोअरवेलचं पाणी जड. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि भोकं बुजतात. भुकटीवर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, म्हणजे त्यात चुन्यासारखं कार्बोनेट आहे. दरवर्षी नवा माठ का घ्यायचा याचं हे उत्तर. बाजारात हल्ली नक्षी काढलेले, चकाकते रंगीत माठ महाग विकतात. भुईवर ठेवून फुलं लावायला छान आहेत.

कुणाला तरी सॅनिटायझर आठवला. हातावर घेतला की पाण्यापेक्षा गार लागतो, मग त्यानेच माठ भरला तर? एका थर्मामीटरच्या फुग्याला सॅनिटायझरचा कापूस, दुसऱ्याला पाण्याचा. सॅनिटायझरचा आकडा झपकन खाली गेला आणि कापूस वाळताच परत वर. पाण्याचा हळू उतरला आणि बराच वेळ खालीच राहिला. अल्कोहोल लवकर उडतं, पण ग्रॅममागे उष्णता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी नेतं. सजीवांनी घामासाठी पाणी निवडलं ते उगाच नाही.

७ एप्रिल

या प्रयोगातूनच आमचं सगळ्यात उपयोगी यंत्र निघालं. निळ्या दोऱ्याच्या थर्मामीटरच्या फुग्याला निरांजनाची लांब वात गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. हा ओला, शेजारी कोरडा. दोन्ही पेटीत. वाचायच्या आधी पुठ्ठ्याने वारा घालायचा.

आज दुपारी कोरडा ३९, ओला २१. फरक १८. हवा जितकी कोरडी तितका फरक मोठा. हवेत वाफ ठासून भरली असेल तर ओल्यावरून काही उडणारच नाही, फरक शून्य.

पोरांना मी फक्त एवढं सांगितलं की ओल्याचा आकडा म्हणजे माठ जास्तीत जास्त कुठपर्यंत गार होऊ शकतो त्याची खालची मर्यादा. आजच्या माठात २४ होतं.

एप्रिल, परीक्षा

पेटीतली मोजमापं शिपाईदादांनी घेतली, तीही विनाखंड. बाकी काही नाही.

३ मे

तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांची तोडणी, सुरू. मंडळातली अर्धी पोरं आईबापांबरोबर पहाटे चारला जंगलात. वाघाच्या भीतीने दहा-पंधरा जणांचा घोळका करूनच जातात. नऊ-दहाला परत, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, द्यायचे. उन्हाचं वेळापत्रक या लोकांनी कोणत्याही सरकारी सूचनेच्या आधी ठरवलेलं आहे.

म्हणून शरीराचा भाग आज पुडे बांधता बांधताच. माणूस आतून ३७ अंशांवर चालतो. नुसता बसला तरी शरीर उष्णता तयार करतं, कुदळ मारायला लागला की तिच्या कितीतरी पट. ही उष्णता एरवी त्वचेवरून हवेत जाते, कारण त्वचा साधारण ३५ आणि हवा त्याहून गार असते. मे महिन्यात हवा ४३. वाट उलटी झाली, आता हवाच माणसाला तापवते. पंखा फिरवला तरी गरम हवाच अंगावर. उरला एकच मार्ग, घाम. अंगभर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत, मेंदूतला हायपोथॅलॅमस त्यांना हुकूम देतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. अट 'पूर्ण वाळला तर' ही आहे. कपाळावरून टपकून जमिनीवर पडलेला घाम मीठ-पाणी घेऊन गेला, गारवा नाही.

ते बघायला सोपा प्रयोग केला. दोन्ही हात ओले करायचे, एकावर पॉलिथिनची पिशवी चढवून मनगटाशी रबर. दोन्ही हात वाऱ्यात. उघडा हात गार, पिशवीतला पाच मिनिटांत चिकट आणि गरम, आतून थेंब जमलेले. हीच पिशवी सकाळी पळसाच्या फांदीला बांधून ठेवली होती, तिच्यातही थेंब. झाडही पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं. टिनाच्या शेडखाली आणि कडुनिंबाखाली सावली सारखीच दिसते, पण तापलेला टिन खाली उष्णता फेकतो आणि पान फेकत नाही.

इथेच त्यांना १७७४-७५ च्या सुमाराची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डन नावाचा डॉक्टर काही मित्रांबरोबर मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरला. हवा १२७ अंशांपर्यंत नेली होती. आत अंडी आणि मांसाचा तुकडा ठेवला होता, तो शिजला. माणसं काही मिनिटांनी चालत बाहेर आली, अंगाचं तापमान जवळपास होतं तेवढंच. त्यांनी एक कुत्राही आत नेला होता, तोही धड बाहेर आला. "कुत्र्याला घाम येते काय?" पंज्यांना थोडा येतो, बाकी काम जिभेवर. धापा टाकतो तेव्हा तो ओल्या जिभेवरून वारा घालत असतो.

खोलीतली हवा कोरडी होती हे मी दोनदा सांगितलं.

१२ मे

कूलर. गावात ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पत्र्याचा मोठा, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, मागून पंप पाणी सोडतो. माठाचंच तत्त्व, फक्त इथे गार पाण्याऐवजी गार हवा घ्यायची. बाहेर कोरडा ४३, ओला २२. कूलरच्या तोंडाशी २७. पोरं खूश.

मग ज्यांच्या घरी मोजत होतो त्यांनी "गारवा बाहेर जाते" म्हणून खिडकी-दार लावून घेतलं. अर्ध्या तासात ओल्याचा आकडा वर सरकायला लागला आणि कूलरची हवा ३० वर. आत येणारी प्रत्येक हवा वाफ घेऊन येते, ती बाहेर गेली नाही तर पुढच्या पाण्याला वाफ व्हायला जागा कुठे? झाकण ठेवलेल्या पातेल्यात कपडे वाळत नाहीत. समोरची खिडकी उघडली, पुन्हा २७. घरमालकांचा विश्वास बसला नाही, पण खिडकी त्यांनी उघडीच ठेवली.

एक गोष्ट प्रकल्पाबाहेरची, पण लिहून ठेवते. ओला पत्रा, पंपाची वायर, अर्थिंग नसलेला प्लग. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेली पोरं असतात. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसता खटका बंद करायचा नाही. हे पोरांकडून पाठ म्हणवून घेतलं.

१९ मे

आज आशाताई आल्या. गावात कोणी उन्हात पडलं की 'ऊन लागलं' म्हणतात, मग कांदा घासतात, खिशात कांदा ठेवतात, आणि अंग तापलेलं असतं म्हणून तापाची गोळी देतात. कांद्यावर मी वाद घातला नाही. गोळीवर मात्र बोललेच पाहिजे.

ताप आणि उष्माघात या दोन्हींत अंग तापतं, पण आतली गोष्ट वेगळी. तापात जंतूंशी लढताना हायपोथॅलॅमस स्वतःच अंगाच्या तापमानाची खूण वर नेऊन ठेवतो, म्हणून १०३ ताप असलेला माणूस थंडी वाजते म्हणून गोधडी मागतो. पॅरासिटामॉल त्या वर नेलेल्या खुणेला खाली आणतं. उष्माघातात खूण ३७ वरच असते, शरीर तिथे यायची धडपड करतंय आणि जमत नाहीये. खाली आणायला खूणच नाही, तर गोळी काय करणार? शिवाय तापलेल्या यकृतावर तिचा भार. तिथे लागतं पाणी आणि वारा.

आशाताईंनी काय करायचं ते करून दाखवलं, एका पोराला खाटेवर आडवा करून. सावलीत न्यायचं, कपडे सैल, अंगभर पाणी शिंपडायचं आणि सुपाने, पुठ्ठ्याने, जे मिळेल त्याने वारा घालत राहायचं. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. १०८ ला फोन. माणूस बरळतोय, ओळखत नाहीये, बेशुद्ध आहे, तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, फुप्फुसात जातं. अंगाचं तापमान ४० च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, ही दोन्ही एकत्र आली की उष्माघात समजायचा. "घाम येऊन राहिला म्हणजे ऊन लागलं नाही" हे खरं नाही. काम करता करता पडलेल्या माणसाला घाम असू शकतो.

शिंपडायचं आणि वारा घालायचा, दोन्ही एकत्र का, हे कुंभाराच्या नातीने न विचारता सांगितलं. "त्याचं मडकं करायचं." आशाताई हसल्या, पण पुढच्या बैठकीत हेच सांगेन म्हणाल्या.

नंतर जलसंजीवनी. पाकिटावरचं वाचलं: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. साखर चवीसाठी असते हा सगळ्यांचा समज. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. म्हणूनच १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून शेकडो जीव वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोरांनी केलेलं पहिलं पाणी इतकं खारट होतं की ओतावं लागलं. चव अश्रूंपेक्षा खारट नको, ही आशाताईंची खूण. कैरीचं पन्हंही उत्तम, मीठ विसरलं नाही तर.

१० जून

रोहिणी संपून मृग लागला. ढग येतात, दोन थेंब टाकतात, जातात. गावात सगळे एकच बोलतात, आता ऊन गेलं. धानाच्या पऱ्ह्यांसाठी (रोपांसाठी) बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तयार करायला, धुरे (बांध) घालायला लोक दिवसभर शेतात आहेत. मे महिन्यात बारा ते चार बाहेर न पडणारे हेच.

पेटीत आज दुपारी कोरडा ३७, ओला ३०.

एवढा कमी फरक आम्ही पूर्ण उन्हाळ्यात बघितला नव्हता, सात. मेमधले ४३ आणि २२ चे आकडे शेजारी लिहिले आणि पोरांना विचारलं, कोणता दिवस बरा? सगळ्यांनी आजचा म्हटलं. म्हटलं माठ बघा.

नवा माठ ३२. वजन दुपारभरात शंभर ग्रॅमही उतरलं नाही. कूलरच्या तोंडाशी ३२, आणि हवा अशी चिकट की त्यापेक्षा नुसता पंखा बरा. ज्या नियमाने माठ बंद पडला त्याच नियमाने घामही. मेमध्ये कपडे कोरडे असायचे आणि कॉलरवर मिठाची पांढरी रेघ, घाम दिसायच्या आधीच वाळायचा. आता सदरे पाठीला चिकटलेले आणि धार लागलेली. दिसायला घाम जास्त, उपयोगाला कमी.

ओल्या थर्मामीटरचा आकडा ३५ झाला तर निरोगी माणूसही सावलीत नुसता बसून काही तासांपेक्षा जास्त टिकणार नाही, असा हिशेब २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांना दमट खोलीत हलकी हालचाल करायला लावून मोजलं, तर त्यांची शरीरं ३१ च्या आसपासच हार मानायला लागली. आमचा आजचा आकडा ३०. बांधीत फावडं मारणारा माणूस पंचावन्नचा आहे आणि सकाळपासून बसलेला नाही.

टीव्हीवर मात्र आज उष्णतेची बातमीच नाही. मैदानी भागात कमाल तापमान ४० ला पोचल्याशिवाय उष्णतेची लाट धरतच नाहीत. आकडा एकच दाखवायचा असेल तर कोरडा दाखवावा हे ठीक, पण माणूस कोरडा नसतो.

१४ जून

एक पालक शाळेत आले, पोरगा घरी येऊन शेतात जाऊ नका म्हणतो म्हणून. रागात नव्हते, पण वैतागलेले. "मॅडम, मे महिन्यात ४५ मधी काम केलं जी आमी, हे तर काहीच नाही." त्यांचं अगदी चूक नाही. दहा-चौदा दिवस उन्हात काम केलं की शरीर सरावतं, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं. पण सरावलेला घामही वाळायला हवा.

त्यांना पेटीजवळ नेलं. ओल्या वातीला हात लावायला सांगितला, मग पुठ्ठ्याने वारा घालून आकडा किती उतरतो ते दाखवलं. उतरलाच नाही फारसा. "याला वारा लागून बी गार होत नाही?" नाही. पोरानेच मग मेची पानं काढून दाखवली. ते शेतात जाणं थांबवणार नाहीत, थांबवूही शकत नाहीत, पाऊस आला तर पऱ्हे टाकायला जमीन तयार हवी. ठरलं ते इतकंच: जड काम सकाळी सहा ते दहा, उरलेलं चारनंतर, तासाला दहा मिनिटं झाडाखाली, टिनाखाली नाही. आणि लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. हे शेवटचं पोराने सांगितलं आणि दोघेही दुसरीकडे बघायला लागले.

२२ जून

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज एक वाजता दोन आकडे लिहायचे, कोरडा आणि ओला, असं सरपंचबाईंनी मान्य केलं. रंगांचे पट्टे करून 'धोका', 'अतिधोका' लिहावं असं पोरांना वाटत होतं. कामाचा भार, वय, ऊन-सावली, सगळं धरून पट्टे ठरवणं आमच्या दोन थर्मामीटरांच्या आवाक्यातलं नाही, म्हणून मी नको म्हटलं. दोन आकडे आणि खाली एक ओळ: 'दोन आकडे जवळ आले की घाम काम करत नाही.' ओळ पोरांची आहे, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

वात क्षारांनी कडक होते, दर आठवड्याला नवी लावायची. बाटलीत बोअरचं नाही, पावसाचं पाणी भरायचं.

शाळा उघडल्यावर रोवणी (भाताची लावणी) येईल. गुडघाभर पाण्यात, वाकून, प्लास्टिकच्या घोंगशीखाली बायका दिवसभर उभ्या असतात. घोंगशी म्हणजे ती हातावरची पॉलिथिनची पिशवीच, फक्त अंगभर. तिच्या आतला ओला आकडा घ्यायचाय. कोणाच्या बांधीत मोजायचं यावरून दोघांत जुंपली होती. कुंभाराच्या नातीची बांधी शाळेच्या कुंपणाला लागून आहे, म्हणून तिथे. थर्मामीटर तिच्याकडे, वही दुसऱ्याकडे.